हिवाळी टायर

डॉक्टरीणबाई सांगत होत्या तेव्हा मी
त्यांच्या खांद्यावरून खिडकीत बघत होते.
पार्किंगमध्ये एक माणूस बर्चची पानं ओढत होता.
रक्ताचा कर्करोग.
आमच्या फिनिशमध्ये हा एकच जोडशब्द,
मधे श्वास घ्यायला जागा नाही.

ऊलूहून कायानीपर्यंत एकशे ऐंशी किलोमीटर
तो मोठ्याने म्हणून पाहिला.
आधी स्टिअरिंगला. मग एका रेनडिअरला,
जो रस्ता अडवून उभा होता
आणि ज्याला काहीच वाटलं नाही.

भावाला फोन केला. एन्सियो गप्प.
मी अकरापर्यंत मोजलं.
मग म्हणाला, "हिवाळी टायर बसवलेस?"
नाही म्हटलं.
"मग येतो." आणि फोन ठेवला.
इतका राग आला की बशी हातातून सुटली,
की मीच सोडली, आता आठवत नाही.

शनिवारी आला, स्वतःचा जॅक घेऊन.
चारही चाकं बदलली, प्रत्येक नट दोनदा पिळला,
आणि निघताना बुटाच्या नाडीशी बोलावं तसा म्हणाला,
"ऊलूचा रस्ता वाईट. तुला आता सारखं जावं लागणार."

मी फिरत्या वाचनालयाची बस चालवते. एकोणीस थांबे.
सांगायचं कुणाला, किती?
म्हाताऱ्या लेम्पीला सांगितलं, तर ती म्हणाली,
"माझ्या नवऱ्यालाही हाच. तीन महिन्यांत तो..."
आणि हातमोज्यानं स्वतःचं तोंड दाबलं.
मग मीच तिची पाठ थोपटत बसले,
बस सात मिनिटं उशिरा सुटली.
एकानं बर्चचा रस प्यायला सांगितला.
अकराव्या थांब्यावरची सात्तू
अठरा वर्षं दर मंगळवारी यायची.
आता तिचा पडदा हलतो,
दार उघडत नाही.
तिच्यासाठी राखून ठेवलेलं पुस्तक
मी अजून परत लावलेलं नाही.

बुधवारी शेजारच्या खुर्चीत रेइयो,
लाकडाचे ट्रक चालवून निवृत्त झालेला.
नाव विचारायच्या आधी विचारलं, "पांढऱ्या किती?"
"शून्य पूर्णांक चार."
"माझ्या सहा," म्हणाला,
जणू बाहेरचं तापमान.
त्याला काही समजावून सांगावं लागलं नाही.
सलाइन संपेस्तोवर आम्ही
गिअरबॉक्सबद्दल बोललो.

पहाटे तीनला त्याचा मेसेज येतो: जागी?
मी लिहिते: जागी.
एवढंच.
याला आधार म्हणतात का, मला माहीत नाही.
पण फोन मी उशीखाली ठेवते.

काल आला नाही.
साडेतीनला मीच लिहिलं: जागा?
चार. पाच. काचेवर बर्फ,
फ्रिजची घरघर,
आणि मी त्याचं आडनावही विचारलेलं नाही.

सव्वासहाला फोन थरथरला.
"झोप लागली होती. माफ कर."

माफ कर म्हणे!
अंधारात एकटीच हसत
मी कॉफी ठेवली.