खो

पहाटे साडेचार. दगडावर बसून
सुधाकरनची वाट बघतोय.
हेडलॅम्पच्या उजेडात माझीच वाफ मला दिसते.
आखातात थंडी पडते, हे आईला फोनवर
अकरा वर्षांत पटवता आलेलं नाही.

तिसरा टप्पा आमचा, खमीसचा आणि माझा.
जोडीनं निघायचं, जोडीनं पोचायचं,
एकटा पुढे आला तर तो आलाच नाही, असं धरतात.
वाडीतून वर, खिंडीत कार्डाला भोक पाडून घ्यायचं,
मग उतरून बिरकत अल मौझ,
तिथे फलजाच्या काठी रोवेना उभी असेल
वॉर्डातल्यासारखी घड्याळाकडे बघत.

इथे वाडी म्हणजे पाणी निघून गेलेली नदी.
माझ्याकडे वाडी म्हणजे चार घरं, एक पार
आणि कुणाचं तरी कुणाशी तरी न बोलणं.
पाऊल दोन्हीकडे जपूनच टाकावं लागतं.

सुधाकरनच्या आधी त्याचा आवाज आला,
खडी घरंगळवत, मल्याळममध्ये डोंगराचा उद्धार करत.
त्याचा तळहात पाठीवर आपटला
आणि माझ्याच तोंडून निघालं, "खो!"
जतच्या शाळेमागचं मैदान, फक्कीच्या रेषा,
उकिडवी बसलेली आठ पोरं.
खो देणाऱ्यानं म्हणायचा असतो, घेणाऱ्यानं नाही.
पण इथे फाऊल द्यायला कोण बसलंय!

खमीस चढावर पळत नाही.
हात पाठीमागे बांधून चालतो, सुपारी आणायला निघाल्यासारखा,
तरी मला गाठता येत नाही.
'दुरून डोंगर साजरे' त्याला एकदा समजावून सांगत होतो.
घर डोंगरातच असलेल्या माणसाला
'दुरून' कुठून आणून देऊ?

आठवडाभर मी सोहारच्या प्लांटवर
समुद्राच्या पाण्यातलं मीठ मोजतो.
आकडा लिहितो, सही करतो.
तेच मीठ चढावर ओठांशी आलं
तेव्हा जिभेनं सवयीनं शेरा मारला:
प्रमाणाबाहेर. परत पाठवा.

खिंड. भोक. घोटभर पाणी.
उतारावर माझी पाळी, गुडघे अजून ऐकतात माझं,
दगड पायाखालून निसटायच्या आत पुढचा दगड...
आणि मागे काहीच वाजेना.

खमीस थांबलेला.
पुढच्या कुठल्यातरी जोडीनं
गोठ्याचं पत्र्याचं दार उघडं टाकलं होतं,
आणि उतारभर हिरवे दिवे, दोन दोन, दोन दोन.
"खाला झुवैनाच्या," तो म्हणाला.
मी म्हणालो, "येतील की परत."
"कुठून?" त्यानं बॅटरी खाली फिरवली.
खाली काहीच नव्हतं. बराच वेळ काहीच नव्हतं.

मग आम्ही शेळ्या वळल्या.
दोन जोड्या शेजारून निघून गेल्या,
एकानं फोटो काढला.
एकीला मी शिंगाला धरून ओढत आणली,
तिनं माझा नंबर चावून अर्धा केला.
अकरा, मी म्हणालो.
बारा, तो म्हणाला.
कड्याच्या काठावर जीभ टाळूला लावून
तो बोलावत राहिला, अंधाराला, आकाशाला,
आणि मी पहिल्यांदाच घड्याळ बाहीखाली झाकलं.

बारावी आत झोपली होती.
ती बाहेर पडलीच नव्हती.

त्यानंतरचा उतार आठवत नाही.
खजुरांचे शेंडे आठवतात, राखाडीतून हिरवे होताना,
बांग, आणि तिच्या खालून फलजाच्या पाण्याचा बारीक आवाज.

"सात मिनिटं!" रोवेना ओरडली, "सात!"
तिचा जोडीदार नुसताच उड्या मारत होता.
मी हात उचलला, तिच्या पाठीवर ठेवून दिला
आणि या वेळी नियमाप्रमाणे म्हणालो:
"खो."
"शी, कसला वास हा?" तिनं विचारलं,
पण तोवर ती निघालेली होती,
पाठीवर माझा पंजा, पंज्यात शेळी,
गढीच्या भिंतीवरून वर, पुढच्या डोंगराकडे.

खमीस फलजात पाय सोडून बसला होता.
अजून बोटांवर मोजत.