खिडकीजवळची खुर्ची

सोरी, उद्या तुला अठरा लागतील
आणि माझ्या यादीतून तुझं नाव गळेल.
कुणी खोडणार नाही; रात्री बारा वाजता
संगणकच ते आपसूक गिळून टाकेल.
म्हणून आजची ही शेवटची तालीम.

मी रात्रपाळीची डॉक्टर. पहाटेचे तीन.
डेप्टफर्डहून टॅक्सीनं तू कण्हत आलेला,
मी तुझ्याकडे बघतही नाही, टाइप करत राहते.
"काय होतंय?"
तू फिस्सकन हसतोस.
"सिस्टर मर्लीन, तुम्हाला वाईट वागता येत नाही."
येतं रे बाळा. चोवीस वर्षं बघतेय,
कसं वागतात ते. पुन्हा.
"काय होतंय?"

तू आईकडे बघतोस.
माबिंतीचं तोंड आधीच उघडलेलं.
इतकी वर्षं तुझं दुखणं तिच्याच जिभेवर राहिलं:
पाठ की मांडी, मागचं रक्त कधी चढवलं,
कोणत्या गोळीनं अंगावर पित्त उठतं.
मी ओठांवर बोट ठेवते.
ती दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसते,
जणू हातच बोलून गेले असते.

"सिकल सेल," तू जमिनीला सांगतोस.
मोठ्यानं.
"मला सिकल सेल आहे. दुखणं दहापैकी नऊ.
हा माझा कागद. औषध लिहिलंय, किती तेही.
अर्ध्या तासात मिळायला हवं."
"नऊ? इतका शांत तर दिसतोयस."

आता तू हसत नाहीस.
लसींच्या फ्रिजची घरघर तेवढी.
"ओरडण्यात दम घालवू नये,
हे मला सातव्या वर्षी कळलं," तू म्हणतोस.

हे वाक्य मी शिकवलं नव्हतं.

मंगळवारी आपण रस्ता ओलांडला.
समोरचीच इमारत, मध्ये फक्त एक बसथांबा,
पण माबिंतीनं असा डबा भरून आणला होता
की वाटावं मुलगा बोटीनं निघालाय.
निळी वहीही तिनं तुझ्या हातात दिली,
सगळ्या तारखा असलेली, कडा तेलकट झालेली.
तू ती जॅकेटच्या आत सरकवलीस,
कुणी बघायच्या आत.

वर छताला मासे नाहीत.
आमच्याकडे एक्केचाळीस आहेत,
त्यातल्या एकाला डोळा काढायचा राहून गेलाय.
सुई टोचताना तू नेहमी त्याच्यापासून मोजायचास.
इथं पांढऱ्या चौकटी, आणि भिंतीवर
आवाज बंद केलेल्या बातम्या.
नवी नर्स म्हणाली, "जन्मतारीख?"
बाकी काहीच नाही. तिचं चुकलं नाही.
तिच्यासाठी तू आज जन्मलास.

तू खिडकीजवळच्या खुर्चीकडे निघालास.
"तिथं नको, पोरा."
लोकरी टोपी, मांडीवर आल्याच्या चहाचा थर्मास,
दंडात तुझ्यासारखीच नळी.
"ती फट वारा आत घेते. गार लागलं
की संध्याकाळपर्यंत हाडं हिशेब मागतात."
ऑगस्टस पेनंट. वय एकसष्ट.
तोच आजार.

तू उभाच राहिलास.
मला माहीत होतं तू काय मोजतोयस.
आमच्या वॉर्डात अठराच्या पुढचं कुणी नसतं;
तिथून गेलेली मुलं
पुढं कुठं असतात, हे कुणी सांगत नाही,
आणि आम्हीही, खरं सांगते,
पुरेसं सांगितलं नाही.
एकसष्ट.
तू त्यांच्या हातावरच्या सुरकुत्या बघत होतास,
लोक समुद्र बघतात तसा.

त्यांनी शेजारच्या खुर्चीवरचं वर्तमानपत्र उचललं.

मी निघाले. मला परत दोन वर्षांच्या झायनाबपाशी
मासे मोजायला जायचं होतं.
खाली कॅन्टीनमध्ये माबिंती, पुढ्यात गार झालेली कॉफी,
फोन उताणा ठेवलेला, हात पुन्हा मांड्यांखाली.
"काय करतोय?" तिनं विचारलं.
"घाबरलाय? काही बोलला?"

म्हटलं, खिडकीजवळ नाही बसला.