फडकं

दीपनगरच्या चिमण्यांची राख
रात्रीतून उतरते, आवाज न करता.
सकाळी सातला मी हवामान केंद्राची जाळी उघडतो
आणि ऊन मोजणाऱ्या काचेच्या गोळ्यावरून
बायकोच्या जुन्या सुती पातळाचं फडकं फिरवतो.
सव्वीस वर्षं. पातळं बदलली,
राख तीच.

झोपे म्हणतो, कोन पाह्यतं भो, दोन दिसांनी पूस.
साहेब म्हणायचे, फेगडे, जोरात नको,
ओरखडा पडला की ऊन खोटं बोलायला लागतं.

राखेचं एक बरं असतं.
हर्षालीने कॉलेजच्या सूक्ष्मदर्शकाखाली दाखवली होती:
गोल गोल मणी, भट्टीत वितळून थंड झालेले.
घसरते बिचारी, ऐकते.
तापीची वाळूही तशीच,
इथवर घरंगळत येईतो
नदीने तिचे कोपरे खाल्लेले.

चंद्रावरची धूळ कुठे गेलेलीच नाही, बाबा.
वारा नाही, पाणी नाही, कुणी तिला घासलं नाही.
बांगडी फुटावी तशी,
फुटली तेव्हाची धार अजून अंगावर.
आणि उन्हाने भारली की चिकटते,
नायलॉनच्या साडीला केस चिकटावा तशी.

तिथे माणसं आरसे ठेवून आलीत,
पेटीत ओळीने मांडलेले काचेचे कोपरे.
इथून उजेड पाठवा,
आल्या वाटेने परत येतो.
म्हणजे यायचा.
आता दहातला एक.
धूळच असावी, असा त्यांचा अंदाज.
पन्नास वर्षांत कुणाचं फडकं फिरलेलं नाही.

मी विचारलं, पौर्णिमेला तरी?
ती थांबली. साहेब लोक एकमेकांकडे बघतात
तशी माझ्याकडे बघितली.
पौर्णिमेला तर आणखी कमी.
ऊन सरळ आत शिरतं, धूळ तापते,
काच वर गरम, खाली गार,
उजेड विसकटतो.

मी बराच वेळ काही बोललो नाही.
कोजागरीला आम्ही दुधात बघतो तो.

परवा ग्रहण होतं.
शेजारी भारंबे वहिनींनी माठात तुळशीचं पान टाकलं,
आमच्याही टाकलं.
मी गच्चीवर. हर्षालीचा फोन, अहमदाबादहून:
बाबा, सावली पूर्ण पडली.
पाव तासात सावरतील बघ आरसे.
चंद्र तांबडा होता,
बॉयलरच्या झरोक्यातून दिसतं तसा.
खाली केळीच्या बागेत कुणीतरी मोटर बंद केली.
गच्चीच्या कठड्यावर, टाकीवर, चष्म्यावर
राख उतरतच होती,
आणि वर आपलीच सावली
त्यांना जरा गार करत होती.
हात आपोआप खिशात गेला.
फडकं होतं.
एवढ्या लांब काय पुरणार.

सकाळी नोंदवहीत लिहिलं:
गोळा पुसला, ७.०५.
शेरा हा रकाना मी कधी भरलेला नाही.
काल भरला.
तिथले राहिले.