खिडकी क्रमांक तीन

मला सल्ला देता येत नाही.
काचेवर तशी पाटी आहे, तिची चिकटपट्टी
मी दर हिवाळ्यात बदलते.
अर्ज देता येतो, घेता येतो,
रिकामा रकाना बोटाने दाखवता येतो.
त्यात काय लिहायचं, ते ज्याचं त्याने.

रेजाँ पेल्तिये आला तेव्हा चारला बारा मिनिटं कमी होती.
शुक्रवार. मेनच्या या उत्तर टोकाला
नोव्हेंबरात एवढ्यातच अंधारून येतं.
त्याने बुटांवरचा बर्फ दाराशी झटकला,
टोपी काढली, चर्चमध्ये काढतात तशी.

कागदाची गिरणी जूनमध्ये बंद झाली.
आमच्या कचेरीचा कागद तिथूनच यायचा.
आता कुठून येतो कोण जाणे, पातळ आहे,
सही केली की शाई पलीकडे उमटते.

पोटगी कमी करण्याचा अर्ज, पाच पानी.
पोटाबद्दल त्यात एकही प्रश्न नाही.
त्याने चौथा प्रश्न मोठ्याने वाचला:
मूळ हुकुमानंतर परिस्थितीत लक्षणीय बदल झाला आहे काय?
"लक्षणीय म्हणजे किती?"
मी पाटीकडे पाहिलं. त्यानेही पाहिलं.

मग तो बोलत राहिला. लोक काचेला सांगतात, मला नाही.
आठवड्याला एकशे बेचाळीस डॉलर,
ऑगस्टपर्यंत साठवणीतले दिले,
मग बर्फावरची गाडी विकून दिले,
मग नाही दिले.
बटाट्याच्या कोठारात तीन दिवस काम मिळतं.
ओडेट अकरा वर्षांची झाली,
वाढदिवसाला त्याने फोन केला नाही
कारण फोन कोरीन उचलते.

"तिला माहीत नाही अजून," तो म्हणाला.
"कोर्टाच्या पाकिटातून कळायला नको.
आधी बोलतो तिच्याशी. थँक्सगिव्हिंग होऊ दे."
आणि त्याने पानं दुमडली,
नीट, कडेला कड लावून,
जन्मभर कागद हाताळलेल्या माणसासारखी.

मला माहीत होतं.
कायदा मागे वळून बघतो तो फक्त
अर्ज दाखल झाल्या दिवसापर्यंत.
त्याआधीची थकबाकी दगडावरची रेघ,
न्यायाधीशालाही पुसता येत नाही.
बावीस वर्षं या खिडकीत बसून पाहिलंय,
माणसं लाजेखातर थांबतात
आणि लाज आठवड्याच्या दराने वाढत जाते.
हे सांगणं म्हणजे सल्ला.

मी शिक्का उचलला.
तारखेचं चाक बरोबरच होतं, तरी फिरवून पाहिलं.
"शिक्का आजचा आहे," मी म्हटलं.
"सोमवारी सोमवारचा असेल."

हा सल्ला नाही. हे कॅलेंडर आहे.

त्याने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं.
मग पेन मागितलं.
चौथ्या प्रश्नाखाली तीन ओळींची जागा असते,
त्याने दीड ओळ लिहिली.
तीन अठ्ठावन्नला शिक्का बसला.
भिंतीवरचं घड्याळ दोन मिनिटं मागे आहे,
त्याचं मी काही करत नाही.

कोरीन पुढच्या महिन्यात आली, मंगळवारी,
इस्पितळाच्या धुलाईखात्याचा निळा अंगरखा घालूनच.
उत्तराचा नमुना तिने घरून भरून आणला होता.
हरकतीच्या रकान्यात खूप काही लिहून खोडलेलं,
पेनाने, इतकं दाबून की कागद फाटायला आला होता.
त्याखाली: हरकत नाही.
आणि समासात, बारीक अक्षरात:
बुधवारी तो तिला न्यायला येत नाही, पेट्रोल नसतं म्हणून.
सांगितलं असतं तर मी सोडलं असतं.

"समासात लिहिलेलं चालतं का?"
मला सल्ला देता येत नाही, मी म्हटलं,
आणि शिक्का असा मारला
की समासावर शाई जाऊ नये.

तिने पर्स उघडली होती.
उत्तराला फी नसते, हे मात्र मला सांगता येतं.
"त्यांची प्रत पोस्टाने पाठवायची?"
"नको," ती म्हणाली, पर्स बंद करत.
"मीच देते. उद्या बुधवार आहे ना."