विंचला झाड लागतं

चौतीस वर्षं पोलादाच्या कारखान्यात घालवून
मिलोशने निवृत्तीच्या पैशातून गाडी घेतली.
चार दारं, मागे उघडा हौदा, डिझेल,
रंग पांढरा. वायॅलात सगळे पांढराच घेतात
आणि महिन्याभरात सगळ्यांचा विटकरी होतो.
शोरूममधल्या पोराने किल्ली दिली
तेव्हा त्याने ती आधी पँटला पुसली.
मी पाहिलं. बोलले नाही.

मग डॅरलच्या गॅरेजला खेपा.
सस्पेन्शन दोन इंच वर.
मी जेमतेम पाच फूट, मला चढायला पायरी लागली,
ती पुढच्या पंधरवड्यात, पेन्शन आल्यावर.
पुढे लोखंडी बुलबार, कांगारूंसाठी.
छतावर तंबू, हौद्यात ड्रॉवर, फ्रिज,
फ्रिजला वेगळी बॅटरी, बॅटरीला वेगळं कुलूप.
आणि स्नॉर्कल.
मी म्हटलं, मिलोश, इथल्या नद्या नकाशात निळ्या आहेत,
तेवढंच त्यांचं पाणी.
तो म्हणाला, धुळीसाठी असतं ते.
हौसेला मोल नसतं म्हणतात. असतं.
पावत्या माझ्याकडे आहेत, बिस्किटांच्या डब्यात.
शेवटची विंचची. साडेपाच टन ओढते.
काय ओढायचंय एवढं?
"स्वतःला," म्हणाला.

अकरा महिने गाडी डांबरावर.
रविवारी आंघोळ, तिचा शाम्पू वेगळा, फडकं वेगळं.
शेजारचा कॉलम कुंपणावरून विचारायचा, कधी निघताय?
अजून एक दिवा बसवायचाय.

मला कळत होतं.
भट्टीसमोर उभा राहिलेला माणूस
तयारी करायला शिकतो: हातमोजे, चष्मा, बूट.
मग भोंगा होतो आणि तो आत जातो.
आता भोंगाच नव्हता.

तो झाला सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये.
कुणाची तरी ट्रॉली उतारावर सुटली,
डाव्या दारावर, माझ्या बाजूला, हातभर ओरखडा.
मिलोश गुडघ्यावर बसला.
या टोकापासून त्या टोकापर्यंत बोट फिरवलं,
वेल्डिंग तपासायचा तसं.
मला वाटलं, आता आठवडा गेला.
उठला आणि म्हणाला, "पाण्याचे कॅन भर."

आयर्न नॉबच्या पुढे कुठेतरी डांबर संपलं.
दुसऱ्या दिवशी दुपारी एक सुकं तळं लागलं,
वरून मिठाचा पापुद्रा, खाली चिखल,
आणि गाडी पोटावर बसली.
इंजिन बंद केलं तर फक्त फ्रिजची घरघर.
मिलोशने विंचचा दोर सोडला, हूक हातात घेतला,
आणि तसाच उभा राहिला.
चहूकडे क्षितिज. गुडघ्याहून उंच काही नाही.
विंचला झाड लागतं.
कॅटलॉगात होतं,
प्रत्येक चित्रात, मागे.

मी हसले. वेळ वाईट होती, पण हसले.
मग तोही.

स्टेपनी पुरायची, तिला दोर बांधायचा,
डॅरल कधीतरी बोलला होता.
मिलोशचं फावडं घडीचं, पिशवीसकट महाग.
दहा मिनिटांत त्याची पुन्हा घडी झाली.
तेव्हा मी सीटमागून माझं काढलं,
गुलाबांच्या वाफ्यातलं, दांड्याला चिकटपट्टी,
त्याला न विचारता टाकलं होतं.
तीन तास आळीपाळीने खणलं.
एकदाही जमिनीला न टेकलेलं ते कोरं चाक
कंबरभर खड्ड्यात उभं पुरलं.
विंच कण्हली. दोर ताठ झाला.
वाटलं, चाकच येतंय वर.
गाडी आली. बोटबोट सरकत,
खरंच, स्वतःला ओढत.

मग चाक उकरायला दीड तास.
हे कुणी सांगत नाही.

रात्री तंबूपर्यंत चढवेना.
हौद्यातच ड्रॉवरांवर आडवे झालो,
मिलोशच्या नखांत मीठ, माझ्या तळहाताला फोड.
बऱ्याच वेळाने अंधारातून म्हणाला,
"डॅरलला विचारतो, झाड बसवून देतो का."
देईल, मी म्हटलं.
तो काहीही बसवतो.