कारण: उंदीर

विश्रामबागेत मोबाईलच्या दुकानावर दुसरा मजला,
काचा आतून काळ्या रंगवलेल्या.
नवीन माणसाला चाक मोडलेली खुर्ची मिळते,
तीन महिने साडेनऊ हजार,
एक हेडफोन, ज्याच्या स्पंजला
आधीच्या कुणाच्या तरी डोक्याच्या तेलाचा वास,
आणि एक नंबर. मी सतरा.

मुजावर सरांनी पहिल्याच रात्री सांगितलं,
आधी दुकानाचं नाव, मग झोन, मग पासवर्ड मागायचा.
घाबरायचं नाही, घाबरवायचं नाही,
आणि "चोर" हा शब्द तर तोंडातच आणायचा नाही.
चोराला इथं "हालचाल" म्हणतात.

हालचाल होत असते.
हळदीच्या गोदामात पाल सेन्सरवरून चालत जाते
आणि तिच्या एवढ्याशा पोटाच्या उबेनं
जिल्ह्याच्या नकाशावर लाल ठिपका पेटतो.
तासगावला बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजचा पारा
दोन अंश वर सरकतो, मॅनेजर झोपेतच "हां हां" म्हणतो.
जतला वारा शटर वाजवतो.
जतचा वारा मी आता आवाजावरून ओळखते,
गाव मात्र अजून पाहिलेलं नाही.

प्रत्येक ठिपक्याला कारण द्यावं लागतं.
यादीत नऊच कारणं आहेत, दहावं "इतर",
आणि "इतर" लिहिलं की सकाळी खुलासा द्यावा लागतो.
म्हणून आम्ही कुणी "इतर" लिहीत नाही.

भिलवडी. मगदूम कृषी सेवा केंद्र. झोन चार.
रात्रीचे दोन चाळीस.
कॅमेऱ्यात खतांच्या पोत्यांची थप्पी,
मागच्या भिंतीवर महापुराची रेघ, माणसाच्या डोक्याच्या वर.
बाकी काही नाही.
एका रिंगमध्ये फोन उचलला जातो.
"पासवर्ड सांगा."
पलीकडे घसा खाकरल्याचा आवाज.
मग, अंगणात कुणी ऐकत असल्यासारखं हळू,
"अक्काताई."

"धन्यवाद. तुमचं दुकान सुरक्षित आहे."
"उंदीर आसंल," म्हातारा म्हणतो. "लिवा उंदीर."
मी लिहिते.

त्या महिन्यात उंदीर पाच वेळा आला.
चौथ्या वेळी म्हातारा आपणहून बोलला,
"पोरानं ठिवलाय ह्यो शब्द, मशीन बसवताना. आईचं नाव.
म्या तिला उभ्या जन्मात 'अगं'च म्हणलं.
लग्नात एकदा घेतलं आसंल, पोरींनी दार अडवलं तवा.
आता बघा, रात्रीचं परक्या पोरीला सांगतुय."
मी म्हटलं, "कॉल रेकॉर्ड होतो, आजोबा."
"होऊ द्या की," तो म्हणाला.

सकाळी सातच्या एसटीत, कवलापूरच्या रस्त्याला,
मी आठवत बसले
आमच्या अण्णांच्या तोंडून आईचं नाव.
रेशनकार्डाच्या रांगेत एकदा. तेही आडनावासकट.

मग मुलाचा मेल आला, पुण्याहून.
शब्द नको, चार आकडे करा, सुरक्षेसाठी.
मीच बदलला.
जुना पुसायला एक बटण असतं, खरंच पुसायचा का म्हणून
एकदा विचारतं, दुसऱ्यांदा नाही.

अकरा दिवस भिलवडी हिरवी.
बाराव्या रात्री, दोन पन्नास, झोन चार.
खतांची पोती. रेघ.
"पासवर्ड सांगा."
"चार… चार… सात… एक."
बरोबर होतं. मी ठेवायला हवा होता फोन.
तोही ठेवेना.
"पयला चालत न्हाई व्हय आता?"

बाजूच्या खुर्चीत शीतल विट्याच्या पतसंस्थेवर ओरडत होती,
मुजावर सर चहा आणायला खाली गेलेले.
मी म्हटलं,
"खात्रीसाठी तोही सांगून ठेवा."

त्यानं सांगितलं.
या वेळी हळू नाही.

कारण: उंदीर.
वेळ: दोन त्रेपन्न.
मग लगेच जत, झोन एक, वारा.