कारण

बेटावदची चौथी. फळ्यावर मी लिहिलं:
'मला वाटतं… कारण…'
विषय सोपा दिला, शेवभाजी की भरीत.

एकतीस वह्यांत भरीत जिंकलं.
कारण, सरांना आवडतं.
माझ्या डब्याचा वास व्हरांड्यापर्यंत जातो म्हणे.

हर्षालीने लिहिलं होतं:
'माले वाटस, दोन्ही नको.
कारण चुल्हाजोडे मालेच बठनं पडस.'

लाल पेनाचं टोपण काढलं.
'माले'खाली रेघ ओढायची होती,
'वाटस'खाली, 'बठनं'खाली,
मग 'कारण'पाशी आलो
आणि पेन तसंच हातात राहिलं.

फळ्यावरून जसंच्या तसं उतरवलेला
तो एकच शब्द.
बाकीचं तिचं.

मधली सुट्टी झाली. डबा उघडला.
भरताला पऱ्हाटीच्या धुराचा वास होता,
रोजच असतो.